गल्ला दुकानाचा, डबा घरचा



एकनाथ महाराजांची एक कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींपाशी असताना हिशेबाचे काम नाथांकडे होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक राहिली. ती शोधीत नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, असे सांगतात. कीर्तनकार ही कथा एकाग्रतेचा महिमा सांगण्यासाठी योजतात, व ते योग्यच आहे. आम्हांस आज तिची दुसरी बाजू पुढे मांडावयाची आहे. ती पै नाथांची स्वतःची नव्हती. जी पै आपली नव्हे ती कोणत्या खात्यातील, हे ठरल्यावाचून त्यांना झोप येईना. आज आपल्या गावातील शेकडो दुकाने चालविणारी मंडळी हा एकच प्रश्न स्वतःस विचारीत नाहीत, आणि त्यामुळे भली चालती दुकाने बसतात, असे आम्हांस वाटते.

ह्या व्याख्यानपीठावर पैशाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि देशाच्या अर्थकारणाचा विचार लोकांसमोर मांडण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. देशाचा अर्थ शेवटी घराघराच्या अर्थापासूनच सुरू होतो. तेव्हा आज आपण घराचा व दुकानाचा अर्थ पाहू.

एक कल्पित दुकानदार डोळ्यांपुढे आणा. तालुक्याच्या गावी त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. गल्ला दररोज सुमारे दहा हजारांचा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर उलाढाल तीस लाखांची झाली. शेजारीपाजारी म्हणतात, "शेटजींचे बरे चालले आहे." शेटजींसही तसेच वाटते, कारण संध्याकाळी गल्ला उघडला की नोटा दिसतात, आणि मोबाइलवर जमा झाल्याचे संदेश दिसतात.

आता ह्या दहा हजारांचे पोट फाडून पाहू. शंभर रुपयांच्या विक्रीमागे सत्त्याऐंशी रुपये मालाच्या खरेदीतच गेलेले असतात. म्हणजे तीस लाखांपैकी सव्वीस लाख दहा हजार रुपये घाऊक व्यापाऱ्याचे. उरले तीन लाख नव्वद हजार. त्यांतून दुकानभाडे महिना सहा हजारांप्रमाणे ७२,०००, विजेचे २४,०००, अर्धवेळ मदतनिसाचे ९६,०००, आणि हमाली, पिशव्या, नासधूस मिळून १८,०००. ही बेरीज २,१०,००० झाली. ती वजा जाता निव्वळ नफा १,८०,०००, म्हणजे महिन्याचे पंधरा हजार.

परंतु घरखर्च महिना वीस हजारांचा आहे. गल्ल्यातूनच शाळेची फी जाते, गल्ल्यातूनच गॅसची टाकी येते, गल्ल्यातूनच लग्नाचा आहेर होतो. वर्षाअखेर घराने २,४०,००० रुपये उचललेले असतात. वरचे साठ हजार कोठून आले? ते आले घाऊक व्यापाऱ्याच्या थकबाकीतून. तीन वर्षांत हा खड्डा एक लाख ऐंशी हजारांचा होतो. मग एके दिवशी घाऊक व्यापारी हात आखडता घेतो, मांडणीत माल विरळ होतो, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते, आणि शेटजी म्हणतात, "आता मोठी दुकाने आली, आमच्यासारख्यांचे दिवस गेले." मोठ्या दुकानांची स्पर्धा खरी आहे. परंतु ह्या दुकानाचा खड्डा स्पर्धेपूर्वीच पडलेला होता, आणि तो कोणी पाहिला नव्हता. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात, त्यातला प्रकार. येथे तर दळणाराच रात्री उठून पीठ खातो, आणि सकाळी आश्चर्य करतो.

ह्यात कायद्याची एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक व धंदा हे कायद्याच्या दृष्टीने दोन नव्हेत. दुकानाची पाटी वेगळी असली, बँकेतील खाते दुकानाच्या नावाने असले, तरी दुकानाचे देणे हे मालकाचेच देणे असते, आणि त्यासाठी त्याच्या खासगी मालमत्तेवरही हात पडू शकतो. साध्या भागीदारीतही भागीदारांची जबाबदारी अमर्यादच असते. कंपनी कायदा २०१३ ने एका व्यक्तीचीही कंपनी काढण्याची सोय केली, परंतु लहान कंपनीस कर्ज देताना बँका बहुधा मालकाची वैयक्तिक हमी मागून घेतात. तेव्हा जे भिंताड कायदा बांधून देत नाही ते आपणच वहीत बांधले पाहिजे. कायदा घर व दुकान एक मानतो, म्हणूनच आपण ती दोन मानावीत. आमच्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे. पुढचे सारे त्याचे पोटभेद होत.

पहिली गोष्ट म्हणजे दोन खाती. बँकेत एक खाते धंद्याचे, एक घरचे. दुकानातील क्यूआर कोड धंद्याच्या खात्याशीच जोडलेला असावा, आणि भाच्याने परत केलेले हातउसने त्यावर घेऊ नये. घरासाठी महिन्याच्या ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात न्यावी. जुने मुनीम हिला 'उचल' म्हणत, आणि मालकाच्या नावे मांडीत. आमच्या शेटजींची उचल पंधरा हजारांहून अधिक असता कामा नये. वीस हजारांशिवाय भागत नसेल, तर विक्री वाढवावी, खर्च कापावा किंवा घरात दुसरी मिळकत शोधावी. निर्णय कोणताही घ्या, परंतु तो डोळे उघडे ठेवून घ्या. आणि दुकानातला साखरेचा पुडा घरी गेला तर तोही उचलीतच मांडा, मग तो गृहिणीने नेलेला असो वा मालकाच्या आईने.

दुसरी गोष्ट रोजकीर्द. आपल्या आजोबांच्या दुकानात लाल कापडी बांधणीची वही असे, लक्ष्मीपूजनास तिची पूजा होई, आणि पाडव्यास नव्या वहीचे पहिले पान लिहिले जाई. त्या काळी हिशेबाचे वर्षही दिवाळीपासून धरता येत असे. १९८९-९० च्या आकारणीपासून आयकरासाठी सर्वांस ३१ मार्च ही एकच अखेर लागू झाली. वहीची पूजा आजही होते, परंतु पुष्कळ ठिकाणी पूजा झालेली वही पुढल्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते. वही कागदी असो वा मोबाइलमधील, आम्हांस त्याचे वावडे नाही. तीत रोज पाच आकडे लिहिले म्हणजे झाले: रोख विक्री, बँकेतून आलेली विक्री, उधार विक्री, खरेदी व खर्च, आणि घराची उचल. दहा मिनिटांचे काम. ज्या दिवशी गल्ल्यातील रोख व वहीतील शिल्लक जुळणार नाही, त्या दिवशी मात्र नाथांची आठवण करावी, आणि फरक सापडेपर्यंत उठू नये.

येथे पुष्कळ जण म्हणतात, "लहान धंद्यास वह्या ठेवाव्या लागत नाहीत, सरकारनेच सूट दिली आहे." ह्या सुटीचा अर्थ नीट समजून घेऊ. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४ एडी प्रमाणे लहान व्यापाऱ्याने रोख उलाढालीच्या ८ टक्के, व बँकेमार्फत आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के, निदान एवढा नफा दाखविला तर करखाते त्याच्याकडे वह्या मागत नाही. उलाढालीची मर्यादा दोन कोटींची होती; रोख जमा पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ती २०२३ च्या वित्त कायद्याने तीन कोटी केली. डॉक्टर, वकील, अभियंते ह्यांच्यासाठी वेगळे कलम असून तेथे निम्मी प्राप्ती हा नफा धरतात. दलालीच्या धंद्यास ही सोय नाही. २०२५ साली नवा आयकर कायदा संमत होऊन १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले. अंदाजी नफ्याचे तत्त्व मात्र त्यातही ठेवलेले आहे.

आमच्या शेटजींस हे लावून पाहा. वीस लाख रोख, त्याचे आठ टक्के १,६०,०००. दहा लाख यूपीआयने, त्याचे सहा टक्के ६०,०००. एकूण नफा २,२०,००० धरला गेला. २०२५ च्या वित्त कायद्याने नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर ठेवलेला नाही, तेव्हा शेटजींस कर शून्य. ते निश्चिंत झाले. आणि येथेच घात आहे! कर नाही म्हणून वही नाही, वही नाही म्हणून खड्डा दिसत नाही. सरकारने धरलेला नफा २,२०,००० चा, खरा नफा १,८०,००० चा, आणि घराने उचलले २,४०,०००. ह्या तीन आकड्यांपैकी सरकारास फक्त पहिल्याशी कर्तव्य आहे. शेटजींच्या मुलाबाळांस दुसऱ्या व तिसऱ्याशी आहे. सरकारने वहीची सूट दिली ती सरकारपुरती. संसाराने तशी सूट दिलेली नाही.

करपात्र उत्पन्न नसले तरी विवरणपत्र भरावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. बँकेत कर्ज मागावयास गेल्यावर साहेब पहिल्याने मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. जो ती देऊ शकत नाही तो सावकाराच्या दारी जातो, आणि बँकेच्या कितीतरी पट व्याज भरतो. न भरलेल्या विवरणपत्राचा खर्च हा असा मागाहून येतो.

वस्तू व सेवा कराची गोष्ट ह्याच अंगाने पाहावी. १ जुलै २०१७ रोजी हा कर आला. केवळ मालाची, तीही राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्यास आपल्या राज्यात चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्यास ही मर्यादा वीस लाखांची आहे. ज्याने नोंदणी केली त्याने गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर हा आपला पैसा नव्हे, हे पक्के समजावे. तो गल्ल्यात दिसतो, परंतु तो सरकारची ठेव आहे. दर आठवड्यास तो बाजूच्या खात्यात काढून ठेवावा. उशीर झाल्यास वर्षाला १८ टक्के व्याज पडते. ज्यांनी दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठीची आपसमेळ योजना, म्हणजे लोक जिला कंपोझिशन म्हणतात ती, पत्करली आहे, त्यांस व्यापारावर एक टक्का कर स्वतःच्या नफ्यातून द्यावयाचा असतो. गिऱ्हाइकाच्या बिलात तो लावता येत नाही.

२०२५ च्या जुलैत शेजारच्या कर्नाटकात काय झाले ते वृत्तपत्रांतून आपण वाचले असेल. यूपीआयवरील जमेचे आकडे पाहून तेथील वाणिज्य कर खात्याने लहान लहान विक्रेत्यांस नोटिसा धाडल्या. त्यांवर कित्येकांचे म्हणणे असे की, त्या जमेत नातलगांनी पाठविलेले पैसेही होते, आणि दूध-भाजीपाल्यासारखा करमुक्त मालही होता. म्हणणे खरेही असेल. परंतु ते सिद्ध करावयास खाते वेगळे हवे व वही लिहिलेली हवी. एका खात्यात सारे मिसळले की प्रत्येक रुपया विक्रीचा नव्हे हे दाखविण्याचे ओझे आपल्या डोक्यावर येते.

आता रोखीचे तीन आकडे पाठ करून ठेवावेत. एका दिवसात एकाच माणसास दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर नियमित वह्या ठेवणाऱ्यास तो खर्च नफ्यातून वजा मिळत नाही. वीस हजार किंवा त्याहून अधिक कर्ज वा ठेव रोखीने घेण्यास मनाई आहे, मग देणारा सख्खा मेव्हणा का असेना. १९६१ च्या कायद्याने त्यास रकमेएवढा दंड ठेवला. आणि दोन लाख वा अधिक रोख एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एका व्यवहारापोटी, स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून बंदी आली. आपल्याकडे हातउसने घेण्यात प्रेम असते, चिठ्ठी मागण्यात अविश्वास वाटतो. आम्ही म्हणतो, मेव्हण्याकडून जरूर घ्या, परंतु बँकेतून घ्या. प्रेमही राहील आणि पुरावाही.

उधारीचे दोन प्रकार असतात. गिऱ्हाइकास दिलेली उधारी वहीत नावनिशीवार हवी, आणि प्रत्येक नावापुढे एक मर्यादा हवी. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपण भिंतीवर लावतो आणि तिच्याखालीच उधार देतो. दुसरी उधारी मोठ्या कारखानदारांनी लहान कारखानदारांकडून घेतलेली. ह्या बाबतीत कायदा लहानाच्या बाजूस आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे बिल लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत, व करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत चुकते झाले पाहिजे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने ह्यास आणखी धार आणली: मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खरेदीदारास करासाठी खर्च म्हणून वजा मिळत नाही. तेव्हा लेथ चालविणाऱ्या, कपडे शिवून देणाऱ्या, छपाई करणाऱ्या मंडळींनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणी सरकारी शुल्क म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास विलंबाचे हे संरक्षण नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांच्यावर आयकर बसतो त्यांनी तो वर्षाअखेरचे संकट मानू नये. वर्षाचा कर दहा हजार वा अधिक होणार असेल तर तो आगाऊ भरावयाचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ व १५ मार्चपर्यंत सारा. अंदाजी नफ्याच्या योजनेतील व्यापाऱ्यास १५ मार्चचा एकच हप्ता असतो. चुकल्यास दरमहा एक टक्का व्याज. उचल जशी दरमहा काढता, तशीच कराची रक्कमही दरमहा बाजूस काढावी. मग मार्चमध्ये दागिना मोडावा लागत नाही.

श्रोत्यांमध्ये नोकरदार मंडळीही बरीच दिसतात. त्यांस वाटेल, हे आमचे नव्हे. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शिकवणी चालते, डबे जातात, शिवणकाम होते. तेही धंदेच आहेत, त्यांनाही वेगळे खाते व वेगळी वही हवी. पगारदारांसाठी २०२५ च्या वित्त कायद्याने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, व प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांच्या पगारापर्यंत, कर लागू नये अशी सवलत दिली. शेअरच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नास ही सवलत नाही. ह्याचा परिणाम असा की, मार्च आला की कर वाचविण्यासाठी घाईघाईने विम्याची पॉलिसी घेण्याचे कारण पुष्कळांस उरलेले नाही. विमा घ्यावा तो आपल्या मागे घराचे भागावे म्हणून, वजावटीसाठी नव्हे.

विम्यावरून एक जुना कायदा आठवला, तो दुकानदारांच्या फार उपयोगाचा आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमान्वये नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व मुलांच्या हितासाठी म्हणून घेतला, तर तो त्यांच्यासाठी विश्वस्त निधी होतो. धनकोंस फसविण्याच्या हेतूने तो घेतलेला नसेल तर नवऱ्याच्या देणेकऱ्यांस त्यावर हात टाकता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसे लिहून द्यावे लागते. घर व दुकान ह्यांमधील भिंत बांधून देणारा हा एक दुर्मिळ कायदा आहे, आणि त्याचा उपयोग करणारे आम्हांस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

शेवटी शिल्लक. ती कोठे ठेवावी? १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक ह्या दोन बँका बुडाल्या. त्या अनुभवातून १ जानेवारी १९६२ रोजी देशात ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, व्याज धरून, पाच लाख करण्यात आली. परंतु गल्लोगल्लीच्या पतसंस्थांतील ठेवींस हा विमा लागू नाही. तेथे एक-दोन टक्के व्याज अधिक मिळते ते ह्या जोखमीचे मोल आहे. पतसंस्था वाईट असे आम्ही म्हणत नाही. किती रक्कम कोणत्या जोखमीवर ठेवली, हे ठेवणाऱ्यास माहीत असावे, इतकेच म्हणतो.

कोणी विचारील, "एवढ्याशा दुकानास एवढा खटाटोप?" आम्ही उलट विचारतो, मोठ्या पेढीस तोटा सोसण्यास राखीव निधी असतो, लहान दुकानाच्या मागे काय असते? त्याच्या मागे थेट घर असते. म्हणून जितके दुकान लहान, तितकी वहीची गरज मोठी.

येथून घरी गेल्यावर एवढेच करा. एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर गेल्या महिन्यात दुकानातून घरात किती पैसे व किती माल आला तो आकडा लिहा, आणि तो लिहिताना घरातील माणसांस जवळ बसवा, कारण ह्या हिशेबातील निम्मी खाती त्यांनाच ठाऊक असतात. आकडा पाहून कदाचित झोप लागणार नाही. परंतु ती एक रात्र गेली तरी पुढच्या पुष्कळ रात्री सुखाच्या जातील.